कोलंबीचा काळा दोरा

मे महिन्याच्या अखेरीला बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. म्हणून खाणारी घरं आधीच मनसोक्त जेवून घेतात. मी कोलंबी घेतली होती आणि मासेवाली ती सोलून देत होती. तिचा हात बघत राहावा असा चालतो. डोकं पिरगळून काढलं, कवच एका ओढीत उतरवलं, सुरीच्या टोकानं पाठीला चीर दिली, आतला काळा दोरा अलगद उचलला आणि पोत्याच्या कडेला पुसला. मग पुढची कोलंबी. शेजारी दोन वयस्क गृहस्थ उभे होते. बोलणं म्हादई नदीचं पाणी मलप्रभेकडं, हुबळी-धारवाडसाठी वळवण्याच्या वादावर चाललं होतं; आमच्याकडं ते बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा चालू होतं. त्यातले एक, हातात बांगड्यांची पिशवी, अगदी कळवळून म्हणाले, "एवढं पाणी नुसतं समुद्रात वाया जातंय हो. कुणाच्या तोंडात पडतंय काय ते?" दुसऱ्यांनी नुसती मान हलवली. मासेवालीनं आणखी एक दोरा काढला आणि पुसला.

तो प्रश्न मला सोडेना. घरी येऊन कोलंबीला हळद-मीठ लावताना, रात्री आमटी खाताना, पुढं कितीतरी दिवस तो मनात घोळत राहिला. प्रश्न विचारणाऱ्याची कळकळ खरी होती, पाण्याची टंचाई खरी होती. पण त्यांना हवं होतं ते उत्तर त्या वेळी आम्हा तिघांच्या समोर, पोत्याच्या कडेला पुसलं जात होतं आणि मला ते चार वाक्यांत सांगता आलं नसतं. आता सावकाश सांगते.

माझं माहेर जांबोटीच्या पलीकडं, कणकुंबीच्या वाटेवर. या पट्ट्यातला पाऊस कर्नाटकातल्या सगळ्यांत मोठ्या पावसांत मोजतात. लहानपणी आम्हाला त्याचं काही कौतुक नव्हतं. चार महिने कपडे वाळत नाहीत, चुलीचा धूर घराबाहेर जात नाही आणि पुस्तकांना बुरशी येते एवढंच कळायचं. पण एक गोष्ट आजीनं माळावर उभं करून दाखवली होती ती डोक्यात बसली. या अंगाला पडलेलं पाणी मलप्रभेला मिळतं, खानापुरावरून सौंदत्तीकडं जातं, पुढं कृष्णेला मिळून उगवतीच्या समुद्रात. त्या अंगाला पडलेलं म्हादईला मिळतं, वज्रपोह्यावरून कड्याखाली उडी मारतं, गोव्यात उतरून मांडवी होतं आणि पणजीला मावळतीच्या समुद्रात. मधे नुसता माळ, कारवीची झुडपं आणि गुरांची पायवाट. आमच्या घरामागचा ओढा मावळतीचा. पहिला पूर यायचा तेव्हा त्याचं पाणी काळ्या चहासारखं दिसायचं. उन्हाळाभर रानात साचलेला ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभ्याचा पाला, वाळवीनं पोखरलेल्या काटक्या, गुरांचं शेण, लाल माती, सगळं एकदम निघायचं. त्या पाण्याला वास असायचा, कुजल्या पाल्याचा, जरा गोडसर, जरा उग्र. आजी आकडीच्या काठीनं वाहत आलेली लाकडं ओढून घ्यायची. पाला कोण ओढणार? तो जायचा.

तो जातो कुठं, हे मला फार उशिरा, बहिणीच्या मुलीमुळं कळलं. ती गोव्यात समुद्रविज्ञान शिकली आणि तिथंच चिखलातल्या बारीक प्राण्यांवर काम करते. आमच्या घराण्यात चिखलाशी संबंध भातलावणीपुरता; ही मुलगी वर्षाचे बाराही महिने चिखलात. एकदा मी तिच्याकडं राहायला गेले तेव्हा म्हणाली, "मावशी, चल, तुझ्या ओढ्याचं दुसरं टोक दाखवते." रायबंदरहून फेरीनं चोडण बेटावर गेलो. ओहोटी होती. पाणी मागं हटलेलं आणि खारफुटीच्या मुळ्यांमधून राखाडी, मऊ, चकचकीत चिखल उघडा पडलेला. पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी ती श्वासमुळं चिखलातून वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. जरा कान दिला तर चिखल बारीक चुरचुरत होता. तिनं टोक कापलेली प्लॅस्टिकची सिरिंज चिखलात उभी दाबली आणि वर काढून माझ्यासमोर धरली. वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी, आणि त्याखाली एकदम काळं. सडक्या अंड्याचा वास आला. "हवा एवढ्याच थरापर्यंत पोचते," ती म्हणाली. "खालचे जीवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात, त्यांचा हा वास आणि लोखंड-गंधकाचा हा काळा रंग." मग बोटानं तिनं त्या काळ्यातून खाली उतरलेली एक तपकिरी रेघ दाखवली, केसाएवढी. ती कुणाच्यातरी बिळाची भिंत होती. कुणीतरी बारीक जीव वरचं पाणी आत घेत होता, आपल्या अंगाच्या हालचालीनं ते खाली खेळवत होता, आणि जिथंजिथं ते पाणी लागलं तिथं काळ्या चिखलाला तपकिरी रंग चढला होता.

मी ती रेघ बराच वेळ बघत उभी राहिले.

प्रयोगशाळेत त्या चिखलावर 'रोज बेंगाल' नावाचा गुलाबी रंग घालतात. रंग जिवांच्या अंगाला लागतो, वाळूच्या कणांना धरत नाही. मग एकाखाली एक चाळण्या लावून पाणी सोडायचं. वरची अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांची. तिच्यावर अडकतात ते त्यातल्या त्यात मोठे: किडे, बारीक शिंपले, लहान खेकडे. तिच्यातून निसटतात आणि खालच्या, मिलिमीटरच्या काही शतांश भोकांच्या चाळणीवर थांबतात ते मधले. या मधल्यांना स्वतंत्र वर्ग म्हणून पहिल्यांदा वेगळं नाव दिलं मॉली मेअर या इंग्रज संशोधक बाईनं, १९४२ साली. जगात महायुद्ध चालू असताना एक बाई चिखल गाळत बसली होती, हे मला विलक्षण वाटतं. आणि हे जग अजून पुरतं ओळखलेलंही नाही. समुद्रतळाच्या रेतीत राहणाऱ्या, मिलिमीटरहून लहान प्राण्यांचा एक अख्खा नवा संघ (म्हणजे कीटक-खेकडे हा जसा एक संघ, तसा) डॅनिश संशोधक क्रिस्टेनसेन यांनी जगासमोर मांडला तो १९८३ साली. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता.

रंग घालण्याआधीचा, जिवंत चिखलाचा एक थेंब भाचीनं माझ्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी काहीच कळेना, नुसता केरकचरा. मग तो कचरा हलू लागला. पारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळता एक धागा झटके देत वळवळत होता. आठच्या आकड्यात वळायचा, सुटायचा, पुन्हा वळायचा. हे सूत्रकृमी, नेमाटोड. बेळगावच्या आसपास भाजी पिकवणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे, टोमॅटोच्या मुळांना गाठी आणतात म्हणून. त्यांचे हे खाऱ्या चिखलातले भाऊबंद कुणाचं पीक खात नाहीत. एका चौरस मीटर तळावर दहा लाख ही त्यांची नेहमीची संख्या; खाडीच्या मऊ चिखलात त्याहून कितीतरी जास्त. शेजारून एक कोपेपॉड, कोलंबीच्याच दूरच्या नात्यातला बारीक कवचवाला जीव, गेला, डोक्यावर एकच लाल डोळा, मागं अंड्यांची पिशवी लटकलेली. ती मादी होती. वाळूच्या दोन कणांमधून वाट काढताना पिशवी अडकली, तिनं अंग आखडलं, पुन्हा जोर लावला आणि सुटली. आणि कोपऱ्यात एका नळीतून दोन लांब मिशा बाहेर आल्या होत्या. त्या पाण्यात डोलत, चिखलाचा एकेक कण चिकटवून घेत, खाली तोंडाकडं सरकवत होत्या. तो पॉलिकीट, गांडुळाच्याच नात्यातला, फक्त अंगाला दोन्ही बाजूंनी सोनेरी राठ केसांच्या जुड्या असलेला.

भाचीनं मग सूत्रकृमींची तोंडं दाखवली. वाइझर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५३ साली समुद्रातल्या सूत्रकृमींची विभागणी केली ती तोंडावरून, आणि अजूनही तीच वापरतात. काहींना तोंडाची पोकळीच नाही म्हणावी इतकी बारीक. ते जीवाणू आणि चिखलातला पातळ रस ओढतात. काहींचं तोंड रुंद आणि मोकळं. समोर येईल तो चिखल आत. काहींना एक छोटा दात, वाळूच्या कणावरची शेवाळी खरवडायला. आणि काहींना मोठे दात, दुसऱ्या सूत्रकृमीला फोडायला. चिखलाच्या एका थेंबात चार तऱ्हेची तोंडं.

कुणाच्या तोंडात पडतंय, असं ते गृहस्थ विचारत होते.

घरामागच्या ओढ्यातला पाला खाडीत पोचतो तेव्हा तो पाला राहिलेला नसतो. दगडांवर आपटून, कुजून, गोड्या पाण्यातल्या किड्यांनी आधीच कुरतडून त्याचा भुगा झालेला असतो. हा भुगा कुणालाच सहज पचत नाही. लाकडाचा जो चिवट अंश असतो तो तर वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याच्यावर बुरशी बसते, जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि मग त्या थरासाठी तो भुगा खाल्ला जातो. भुगा पोटातून तसाच बाहेर पडतो, त्याच्यावर पुन्हा जीवाणू बसतात, पुन्हा दुसरा कुणी गिळतो. सूत्रकृमी सरपटताना चिकट रेषा सोडत जातात, त्या रेषेवर जीवाणू वाढतात, सूत्रकृमी परत येऊन ते खातात. खाल्ले गेल्यानं जीवाणूंची वाढ थांबत नाही, उलट नवे जोमानं येतात आणि कुजण्याचं काम वेग घेतं. या सगळ्यांच्या लघवीतून, विष्ठेतून नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतं आणि त्यावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती पोसतात. उथळ किनाऱ्यावर पाण्यातल्या हिरवळीला लागणाऱ्या खताचा मोठा भाग तळातून वर येतो. वजन करायला गेलं तर हे मधले जीव काहीच भरत नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच जणांची पिढी काही आठवड्यांत बदलते, त्यामुळं तळावर ते कायम थोडेच दिसतात आणि कायम पुष्कळांना पुरतात.

भाची अशा ठिकाणी मला नेहमी अडवते. "मावशी, सगळं तुमच्या जंगलातलं नाही हं." तिचं म्हणणं असं की चिखलावर तो जो तपकिरी थर दिसतो त्यात डायटम असतात, काचेच्या डबीत राहणाऱ्या एकपेशीय वनस्पती. उन्हं चिखलावर पडली की त्या वर येतात, भरती आली की खाली जातात आणि खाडीतल्या पुष्कळ जिवांना पाल्याच्या भुग्यापेक्षा हे ताजं अन्न जास्त भावतं. हे मला पटतं. पण त्या काचेची सिलिका येते कुठून? दगड झिजून, विरघळून, नदीच्या पाण्यातूनच. म्हणजे पाला नाही तर पाल्याखालचा दगड. दोन्ही आमच्याच माळावरून उतरलेले. तिनं हे मान्य केलं, पण हसून नाही. ती या बाबतीत फार काटेकोर आहे, आणि मला तिचा तो काटेकोरपणा आवडतो.

आता कोलंबी. ती अंडी घालते समुद्रात, पण तिची बारकी पिल्लं, सेंटिमीटरभर लांबीची, भरतीबरोबर खाडीत शिरतात. जिथं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं, पाणी गुडघाभर असतं, मोठा मासा येत नाही आणि चिखल जिवंत असतो, तिथं ती काही महिने वाढतात. गोव्याच्या खाजनांमध्ये, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींत, बांधाला लाकडी दरवाजे असतात, त्यांना मानस म्हणतात. रात्री ओहोटीचं पाणी मानशीतून बाहेर पडताना तोंडाला जाळं लावतात आणि वाढत्या कोलंब्या त्यात सापडतात. ज्या सापडत नाहीत त्या समुद्राकडं परततात, तिथं मोठ्या होतात आणि बर्फाच्या पेटीत बसून चोर्ला घाटानं आमच्याकडं येतात. एका सकाळी भाचीनं पणजीच्या बाजारातून ताजी कोलंबी आणली. डोकं मोडलं, पाठीला चीर दिली, काळा दोरा, म्हणजे तिचं आतडं, काढला, पण पुसला नाही. काचपट्टीवर ठेवला, पाण्याचा थेंब टाकला आणि सुईनं त्याची कातडी सोडवली. आधी काळसर लगदा पसरला. भिंग मोठं केल्यावर त्यात वाळूचे कण वेगळे दिसू लागले. मग डायटमच्या रिकाम्या काचा, काही होडीच्या आकाराच्या, काही गोल, अंगावर आखीव रेघा. कोपेपॉडच्या कवचाचे तुकडे, एका पायाचा सांधा अजून जोडलेला. तपकिरी, आकार हरवलेला भुगा. आणि त्या सगळ्यातून आडवेतिडवे पसरलेले सोनेरी केस, टोकाला किंचित वाकलेले. पॉलिकीटचे. किडा पचला होता, केस पचले नव्हते. सूत्रकृमी मात्र एकही दिसला नाही. त्यांचं अंग इतकं मऊ की पोटात गेल्यावर थोड्याच वेळात त्यांची खूण उरत नाही. "म्हणून पुष्कळ वर्षं लोकांना वाटायचं, यांना कुणी खातच नाही," भाची म्हणाली. मला त्या काचपट्टीवरून उठवेना. वर्षानुवर्षं आपण जो दोरा घाण म्हणून काढून टाकतो, त्यात खाडीच्या तळाचा एवढा पक्का जमाखर्च लिहिलेला असेल असं मनातही आलं नव्हतं.

कोलंबीपाशी हे संपत नाही. पाटावर येणाऱ्या मासळीकडं या नजरेनं पाहिलं की ती दोन भागांत विभागली जाते. बांगडा, तारली, पेडवे हे पाण्यातलं तरंगतं खाणारे. पण मुडदुशी तोंडानं रेती उकरून पॉलिकीट आणि बारीक कवचवाले काढते, म्हणूनच तिचं तोंड असं लांबट, पुढं काढलेलं. लेपो तळाला चिकटूनच जगते, तिचे दोन्ही डोळे एका अंगाला सरकलेले, कारण दुसरं अंग कायम चिखलावर. शेवटे मासे तर चिखलाचा वरचा थर तोंडभरून घेतात, चाळतात आणि नको ते कल्ल्यातून सोडून देतात. आणि पुष्कळ मासे जे मोठेपणी दुसरे मासे खातात, त्यांची पिल्लं पहिले काही आठवडे या अंड्यांच्या पिशव्या बाळगणाऱ्या कोपेपॉडवर वाढतात. त्यांच्या तोंडाला बसेल असा दुसरा घास तळावर सहसा मिळत नाही. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले चिखले, तुतवार ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेनं धावतात, थांबतात, टोच मारतात, पुन्हा धावतात. प्रत्येक टोचीला एक किडा असेलच असं नाही, पण एवढ्या लांबून ते येतात त्या टोचीसाठी.

पावसाळ्यात या चिखलावर मरण येतं. जुलैत मांडवीचं पाणी जवळजवळ मुखापर्यंत गोडं होऊन जातं, लाल होतं, वरून गाळाचा थर बसत राहतो, आणि खाऱ्या पाण्याला जन्मलेले कितीतरी किडे तिथल्या तिथं संपतात. मला हे ऐकून धक्का बसला होता. आमच्या ओढ्याचं पाणी त्यांना खायला घालतं म्हणावं, तर तेच त्यांना मारतं. पण पाऊस ओसरला की समुद्राचं पाणी परत आत येतं, त्याबरोबर पॉलिकीटच्या तरंगत्या पिल्लांचे थवे येतात, नव्यानं बसलेल्या गाळावर उतरतात आणि दिवाळीनंतर तळ पुन्हा भरू लागतो. नदी आधी पुसून काढते आणि मग ज्याच्यावर नवं जीवन बसावं असं अंथरूण घालून जाते. समुद्रात थोडं आत गेलं तर दुसरंच संकट. नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या काळात खोलातलं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडं वर चढतं, त्याच्यावर पावसाच्या हलक्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी श्वास घ्यायला जवळजवळ काही उरत नाही. ही स्थिती बिघडत चालली आहे आणि शेतांतून वाहून येणारं खत त्यात भर घालत असावं, असं गोव्यातले समुद्रशास्त्रज्ञ डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच मांडलं होतं. म्हणजे आपल्या उतारावरून पाला जातो तसा युरियाही जातो. तिकडं पोचल्यावर हे सोयीचं, ते गैरसोयीचं अशी निवड नसते. गोव्यात खाणी जोरात होत्या तेव्हा मांडवीत उतरणारा खनिजाचा बारीक लाल गाळही असाच. पाल्याच्या गाळानं तळ पोसतो, या गाळानं बिळं बुजतात. आणि तळ खरवडत जाणारी ट्रॉलची जाळी तर आहेतच. एकदा जाळं ओढलं की वरचा तो काही सेंटिमीटरचा थर, म्हणजे तपकिरी रेघांचं सगळं जाळं, मोडतं. बारीक सूत्रकृमी लवकर सावरतात. नळ्या बांधून राहणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या किड्यांना आणि शिंपल्यांना सावरायला मुदत लागते, आणि ती मुदत मिळण्याआधी पुढचं जाळं येतं. बंदीचे ते दोन महिने माशांच्या विणीसाठी म्हणून आपण ओळखतो. ते तळालाही हवे असतात.

उगवतीच्या अंगाचं काय होतं, तेही सांगायला हवं. मलप्रभा सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते. पुढं कृष्णेवर नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. प्रत्येक ठिकाणी पाणी थोडं पुढं सरकतं आणि गाळ तळाला बसतो. कृष्णेच्या मुखाशी पूर्वी जेवढा गाळ पोचायचा त्याचा अगदी थोडा अंश आता पोचतो, आणि आंध्रात त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही जागी समुद्र खात चालला आहे. आजीच्या माळावरून दोन्हीकडं सारखाच पाऊस उतरतो. एकीकडं त्याची माती अजून समुद्राला भेटते, दुसरीकडं वाटेतच बसते.

पण माझ्या धाकट्या जावेचं घर हुबळीत आहे. तिच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी ती कामावर उशिरा जाते, पिंपं, घागरी, पातेली, दुधाच्या किटल्या, सगळं भरून ठेवते. नरगुंद, नवलगुंदचे शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसले ते उगाच नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाणीवाटपाच्या लवादानं म्हादईतलं १३.४२ टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट) पाणी कर्नाटकाला दिलं, गोव्यानं हरकत घेतली, आणि वाद अजून विझलेला नाही. जावेला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुझ्या घागरीपेक्षा खाडीतल्या किड्यांचा हक्क मोठा? मी तसं म्हणत नाही. तिला पाणी मिळायला हवं असंच मला वाटतं. मला खटकतं ते एवढंच की हिशेब मांडताना समुद्राच्या बाजूचा रकाना कोरा ठेवला जातो. किती टीएमसी पिण्याला, किती शेतीला, किती विजेला, हे सगळं लिहिलेलं असतं. खाडीच्या मुखाशी नदीनं किती गोडं पाणी, किती गाळ, किती सिलिका न्यायला हवी म्हणजे तिथं कोलंबीचं बालपण टिकेल, हा आकडा बोलण्यात येत नाही. थोडं पाणी वळवल्यानं खाडी लगेच मरेल असं भाची म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण कोऱ्या रकान्याला शून्य समजून बेरीज करायची नसते, हे आमच्या गावचा किराणावालासुद्धा जाणतो.

कोलंबीच्या अंगात आपल्या रानाचा खरोखर किती वाटा, हे मोजायची रीत आहे. कार्बनचे हलके आणि जड असे दोन प्रकार असतात. जमिनीवरच्या झाडांच्या पानांत त्यांचं प्रमाण एक, चिखलावरच्या डायटममध्ये दुसरं. खाणाऱ्याच्या अंगात तेच उतरतं. मांसाचा चिमूटभर तुकडा वाळवून यंत्रात घातला तर त्याचं आयुष्य कशावर पोसलं गेलं त्याचा अंदाज येतो. अडचण अशी की खारफुटीची पानं आणि आमची जांभळा-किंजळाची पानं या मापात जवळजवळ सारखीच दिसतात, त्यामुळं नुसत्या कार्बनवर विसंबता येत नाही, आणखी दोन-तीन गोष्टी ताडून पाहाव्या लागतात. भाचीला हे करून बघायचं आहे. त्यासाठी तिला घाटमाथ्यावरचा नमुना हवा: ओढ्यात पडलेला पाला, काठावरची माती आणि पुराच्या पाण्यातला गाळ, पावसाच्या सुरुवातीचा, ऐन पावसातला आणि ओसरताना घेतलेला.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अक्का, एवढंच होय? पोतं भरून देतो की." पोतं नको, मूठभर पुरे, असं त्याला दोनदा सांगितलं. झाडाचं नाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहायची, शाई भिजल्यावर पसरते. पाला सावलीत वाळवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा नाही, बुरशी धरते. जुन्या वर्तमानपत्राचे पुडे बांधून पणजीच्या गाडीला द्यायचे. गाळासाठी मी बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत.